कानामात्राबाईंची अस्सल प्रत

दुकानाच्या पाटीवर 'टायपिंग, प्रिंट, बाइंडिंग' एवढंच लिहिलेलं होतं. मालकिणीचं नाव नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. आजूबाजूच्या चार गल्ल्या त्यांना कानामात्राबाई म्हणूनच ओळखत. हे नाव पाडलं एका वकिलानं. त्यानं टाइप करायला दिलेल्या अर्जात 'माझे अशील अत्यंत दिन आहेत' असं वाक्य होतं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुमचे अशील गरीब आहेत, की दिवस आहेत?" वकिलानं हसून वेलांटी बदलून घेतली आणि कोर्टात जाऊन दहा जणांना सांगितलं, की तिकडे एक बाई बसतात, त्यांच्या हातून काना-मात्राही वाकडी जात नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाई अठराव्या वर्षी टाइपरायटरवर बसल्या होत्या. वीस वर्षं एका कचेरीत दुसऱ्यांची पत्रं बडवली. कचेरी बंद झाली तेव्हा घरी बसून राहणं जमेना, म्हणून हा गाळा घेतला. एका अंगाला इस्त्रीचं दुकान, दुसऱ्या अंगाला जिना. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, प्रिंटर, पानांना भोकं पाडायचं यंत्र आणि गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी खुर्ची. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं बोटांनी पुसून गेली होती, पण बाईंना ती बघावी लागत नसत. विद्यार्थ्यांचे प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, शाळेच्या प्रश्नपत्रिका, कुणाचे अर्ज, कुणाची तक्रार, सगळं त्या बोटांखालून गेलेलं.

कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून सोडलेला. तो आणून दिला धाकट्या दिरानं. दीर एका मोबाइलच्या दुकानात विक्रीला होता, आणि घरात ज्या वस्तूला वायर आहे ती त्याच्याच अखत्यारीत येते असा सगळ्यांचा समज होता. त्याचाही होता. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ सिस्टीम असते, तीही त्यानंच कुठूनतरी पेन ड्राइव्हवर आणून त्यात टाकली. "लायसन्सबिन्स काही लागत नाही, वहिनी. सगळे असंच वापरतात," तो म्हणाला. वहिनींनी मान डोलावली. लायसन्स गाडी चालवायला लागतं एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पाच वर्षं बरी गेली. मग एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांची एक ओळ उमटली. ही प्रत अस्सल नाही, असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी ती पुसायचा प्रयत्न केला, जाईना. चार दिवसांनी पडद्यावरचं डोंगराचं चित्र गेलं आणि मागे नुसता काळा रंग उरला. त्याच सुमाराला कॉम्प्युटर बिनसलाही. सकाळी सुरू केला की इस्त्रीवाल्याचे चार शर्ट होईपर्यंत तो जागा होत नसे. काम करता करता मधेच थिजायचा. दुपारी उन्हं चढली की कधी कधी पटकन बंदच पडायचा. आणि आतून अधूनमधून बारीक आवाज यायचा, कट्, कट्, नखानं डबी वाजवल्यासारखा.

बाईंनी हे सगळं दिराला सांगितलं. त्यानं दारातूनच पडद्याकडे बघितलं.

"ते बघा, लिहिलंय ना तिथे. डुप्लिकेट आहे म्हणून त्रास देतोय. ओरिजिनल टाकलं, की सुसाट पळेल."

"आणि तो आवाज?"

"सगळं त्यामुळेच, वहिनी."

बाईंना ते पटलं, कारण त्यांना ते पटवून घ्यायचंच होतं. बिघाडापेक्षा त्यांना ती ओळ जास्त टोचत होती. प्रबंध टाइप करून घ्यायला येणारे एक प्राध्यापक शेजारी बसून मजकूर तपासायचे. ते एकदा गमतीनं म्हणाले, "बाई, तुम्ही आमचं एक अक्षर खोटं जाऊ देत नाही, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, मीच खोटा." बाई हसल्या, पण त्यांचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा चिकटवला. तो वाऱ्यानं हलायचा आणि गिऱ्हाइकाचं लक्ष नेमकं तिकडेच जायचं.

नवऱ्यापाशी त्यांनी विषय काढला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"घ्यायचं तर घे," तो म्हणाला. "पण आवाज येतोय तर कुणाकडून तरी उघडून बघ. बसची कागदपत्रं पुरी आहेत म्हणून गिअरबॉक्स नीट होत नाही."

"बस आणि कॉम्प्युटर एक आहे का?"

"आवाज करणारी वस्तू काहीतरी सांगत असते, एवढंच म्हणतोय."

बाईंना राग आला. आयुष्यात एक गोष्ट सरळ मार्गानं करायला निघालो, तर हे गिअरबॉक्स काढून बसले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन लायसन्स विकत आणलं. त्याच्या खोक्यात बाकी काही नव्हतं, एका कार्डावर पंचवीस अक्षरं आणि आकडे छापलेले. दिरानं जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली आणि तो म्हणाला, "आता ते अंक तुम्हीच टाका, वहिनी." बाईंनी कार्डावर नजर ठेवून ते एका दमात टाइप केले. एकही चूक झाली नाही. गोल चक्र थोडं फिरलं, आणि कोपऱ्यातली ओळ नाहीशी झाली. बाईंनी कॅलेंडरचा कागद सोलून काढला. त्याचा डिंक ओल्या फडक्यानं पुसला. खूप दिवसांनी त्यांना खुर्चीत सैलावून बसावंसं वाटलं.

आणि गंमत अशी, की कॉम्प्युटर खरोखरच पळायला लागला. झटकन सुरू व्हायचा, थिजणं बंद झालं. बाई भेटेल त्याला सांगू लागल्या, "आपलं आता अस्सल आहे बरं का." प्राध्यापकांना तर त्यांनी खुर्ची सरकवून कोपरा दाखवला. पूर्वी त्या रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची नक्कल एका पेन ड्राइव्हवर उतरवून पर्समध्ये ठेवायच्या. कचेरीतली सवय होती ती, कार्बन कॉपी ठेवण्याची. तो पेन ड्राइव्ह एक विद्यार्थिनी घेऊन गेली आणि परत आलीच नाही. बाईंनी नवा आणला नाही. अस्सल वस्तूवर अविश्वास कशाला दाखवायचा, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच महिन्यात सिस्टर दुकानात आल्या.

सिस्टर म्हणजे मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी प्रसूतिगृहात काढलेली; त्याआधी आणि त्यानंतरही लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं केलेली. प्रत्येक बाळंतपणाची त्यांनी वहीत नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, आणि त्याखाली चार-पाच ओळी, त्या दिवशी काय झालं ते. कुणाचंही नाव नाही. अशा चौदा वह्या त्यांनी दोन पिशव्यांतून आणल्या. एकेक जिना थांबत थांबत उतरल्या असणार.

"याचं पुस्तक करायचंय," त्या लोखंडी खुर्चीत बसून म्हणाल्या. "छापखानावाला म्हणतो, टाइप करून आणा. डोळ्यांचं दुसरं ऑपरेशन व्हायच्या आत व्हायला हवं. नंतर दिसेल, न दिसेल."

"होईल, सिस्टर. तुम्ही निश्चिंत राहा. माझा कॉम्प्युटर आता अस्सल आहे," बाई म्हणाल्या. सिस्टरना त्यातलं काही कळलं नाही, पण त्या निश्चिंत झाल्या.

अक्षर लागायला कठीण होतं. घाईत, उभ्याउभ्या, कधी कंदिलाजवळ लिहिलेलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा बाई वह्या उघडत. पाऊण-एक तासात दोन-तीन पानं व्हायची. पण त्या त्यात गुंतत गेल्या. एका बाईनं कळा सोसताना नवऱ्याला खिडकीतून हाका मारून घराची किल्ली कुठे आहे ते सांगितलं होतं. एका बाळाचा पहिला आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरच्या तिघी एकदम रडल्या होत्या. एका ठिकाणी 'आज जुळी. दुसरीची कुणालाच कल्पना नव्हती, मलासुद्धा' एवढीच ओळ. बाई घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या. तोही चहा घेता घेता विचारायचा, "आज कितवी वही?"

मधूनमधून कट्, कट् ऐकू यायचं. बाई ऐकायच्या आणि पुढची ओळ घ्यायच्या. दुपारी कॉम्प्युटर पुन्हा दोनदा बंद पडला. त्या स्वतःशी म्हणाल्या, वीज कमी-जास्त होत असेल.

नऊ वह्या पुऱ्या झाल्या होत्या. सोमवारी सकाळी बाईंनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर काळ्यावर पांढरी एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही. त्यांनी बंद करून पुन्हा सुरू केला. तीच ओळ. तिसऱ्यांदा तीच. आत कट्, कट्, कट्, आता न थांबता.

 बाईंनी लायसन्सचं कार्ड काढलं आणि त्यावरच्या नंबरावर फोन लावला. बऱ्याच वेळानं एक तरुण आवाज आला, अगदी अदबशीर. त्यानं अंक विचारले आणि तपासून सांगितलं, "मॅडम, तुमचं लायसन्स बरोबर आहे. चालू आहे."

"पण कॉम्प्युटर चालू होत नाही."

"ते डिस्कमुळे असेल, मॅडम. त्याच्याशी लायसन्सचा संबंध नसतो."

"मग ते अस्सल करून मला काय मिळालं?"

 "मॅडम, जवळच्या दुरुस्तीवाल्यांना दाखवा," तो म्हणाला. त्याचा तरी काय दोष.

दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या टोकाला, एका जिन्याखाली होतं. चालवणारी एक पस्तिशीतली बाई, केसांना पेन्सिल खोचलेली. समोर उघडी यंत्रं मांडलेली, आणि प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. नवऱ्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉम्प्युटरचा डबा उचलून आणला होता. दुरुस्तीवालीनं तो जोडून सुरू केला, कान जवळ नेला आणि लगेच बंद केला.

"हा आवाज कधीपासून येतोय, काकू?"

"वर्ष झालं असेल."

"आणि मधेच बंद पडायचा?"

"दुपारचा. पण मधे मी लायसन्स घेतलं ना. त्यानंतर अगदी छान चालला."

दुरुस्तीवालीनं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. आत राखाडी रंगाची मऊ गादी होती, बोटभर जाड. पंख्याची पाती त्यात रुतलेली. शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातून कपड्यांची तुसं आणि वाफ वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती. तिनं चिमटीनं त्या गादीचा एक पुंजका उचलून बाजूला ठेवला.

"दुपारी बंद पडायचा तो यामुळे. श्वासच घेता येत नव्हता, तापायचा. आणि कट् कट् म्हणजे हार्ड डिस्क. सगळं साठवून ठेवते ती तबकडी. ती झिजत चालली होती. नवं लायसन्स घेतलंत तेव्हा जुनं पुसून ताजी सिस्टीम टाकली असेल, त्यामुळे काही दिवस हलकं वाटलं. पण टाकली त्याच डिस्कवर."

"म्हणजे लायसन्स घेतलं ते व्यर्थ?"

"व्यर्थ नाही, काकू." ती स्टुलावर बसली. "ती कोपऱ्यातली ओळ गेली, ती लायसन्सनं. सुरक्षेसाठी वेळोवेळी सुधारणा येतात, त्या आता बिनघोर येणार. फुकट मिळणाऱ्या प्रतीत कोण काय घालून देतो ते सांगता येत नाही, ती भीती गेली. आणि दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू रीतसर घेतली, ते वेगळंच. मी स्वतः डुप्लिकेट टाकत नाही कुणाला, गिऱ्हाइकं जातात माझी त्यापायी. पण लायसन्स घाण काढत नाही. झिजलेली डिस्क भरून आणत नाही. ही दोन वेगळी दुखणी होती, तुम्हाला एकच औषध दिलं कुणीतरी."

नवरा बाजूला उभा होता. गिअरबॉक्सचं बोलायला त्याला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.  त्यानं फक्त विचारलं, "आतलं काही निघेल का?"

"प्रयत्न करते. वचन देत नाही."

पाच दिवसांनी ती म्हणाली, जुने काही अर्ज निघालेत, प्रश्नपत्रिका निघाल्यात. सिस्टरांची फाइल सापडली होती. ती उघडली, तर पानामागून पान नुसते चौकोन. मधेच कुठेतरी 'मुलगी, अडीच किलो', आणि पुन्हा चौकोन. बाई बराच वेळ ते पडद्यावर वरखाली करत राहिल्या.

नवी डिस्क बसली, आतली घाण निघाली. सिस्टीम पुन्हा टाकली तेव्हा त्याच पंचवीस अक्षरांवर ती चालू झाली, नवं लायसन्स घ्यावं लागलं नाही. दुरुस्तीवालीनं ते आवर्जून दाखवलं. पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांना मागच्या गल्लीतला दुसरा मजला दिसत होता.

त्या वह्यांच्या पिशव्या घेऊनच गेल्या. सिस्टरांच्या खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीशी दोन खुर्च्या. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. नऊ वह्यांचं सगळं गेलं. नक्कल ठेवली नव्हती. रोज ठेवत होते, या वेळी ठेवली नाही. चूक माझी आहे.

सिस्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला निश्चिंत राहा म्हणाला होतात."

"हो."

"मी राहिले. तीन महिने. माझ्याकडे तीन महिने खूप नसतात, बाई."

बाईंना रडू आवरेना, पण इथे रडायचा हक्क आपला नाही हेही त्यांना कळत होतं. "मी पुन्हा करते. दुकान बंद ठेवून करते."

"वह्या ठेवा तिथे पलंगावर," सिस्टर म्हणाल्या. "मला विचार करू दे."

आठवडाभर काही निरोप नाही. बाई दुकान उघडत, आलेलं काम करत, आणि कुणी कॉम्प्युटरबद्दल विचारलं की विषय बदलत. दिराच्या कानावर गेलं होतं. तो एका संध्याकाळी आला आणि खिशातून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. बाहेरून जोडायची डिस्क, नक्कल ठेवायला.

"मला वाटलं होतं तसंच असेल, वहिनी. मी काही शिकलेलो नाही त्यातलं."

"मला तरी कुठे विचारायचं सुचलं, भावजी," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

आठव्या दिवशी सकाळी सिस्टर दारात उभ्या होत्या. हातात एकच वही.

"तुम्ही मला पहिल्या दोन वह्यांची छापलेली पानं तपासायला दिली होतीत, ती घरी होती," त्या म्हणाल्या. "काल भिंग घेऊन वाचली. हे काय आहे?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी वाचलं: 'मूल मायाळू होतं, फार त्रास झाला.'

"मायाळूच लिहिलंय ना?"

"पायाळू. पायांकडून आलेलं. मायाळू असतं तर त्रास कशाला झाला असता?"

बाईंनी कपाळाला हात लावला. सिस्टर पहिल्यांदा हसल्या, अगदी खांदे हलेपर्यंत. "अशी सतरा ठिकाणं आहेत. तुम्हाला माझं अक्षर लागत नाही आणि तुम्ही विचारत नाही. आता मी वाचते, तुम्ही टाका. रोज दहा ते बारा. माझे डोळे टिकतील तोवर."

तसं सुरू झालं. इस्त्रीवाला रोज दहाला जाऊन सिस्टरांना जिना उतरवून आणू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर वही डोळ्यांजवळ धरून वाचायच्या, बाई टाइप करायच्या, आणि काम पहिल्यापेक्षा दुप्पट वेगानं व्हायला लागलं. वाचता वाचता सिस्टर थांबायच्या आणि वहीत नसलेलंही सांगायच्या. "हेही टाकू?" बाई विचारायच्या. "टाका." बारा वाजले की बाई फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या, आणि सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या. झालं, असं बाई म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत.

चौथ्या वहीशी एक गोष्ट घडली. पहिल्या खेपेला सिस्टरांनी काही नोंदींवर पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, या घ्यायच्या नाहीत म्हणून. बाईंनी त्या वाचल्याही नव्हत्या. आता सिस्टर वाचत वाचत एका फुलीपाशी आल्या आणि पुढचं पान उलटायच्या ऐवजी तिथेच थांबल्या.

"ही घेऊ या," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. तारीख. पहाटेची वेळ. मुलगा. वजनाच्या जागी काही नाही. 'रडला नाही. अर्धा तास प्रयत्न केला. आईनं विचारलं, हातात द्याल का. डॉक्टर नको म्हणाले. ते गेल्यावर मी दिला. तिनं त्याच्या पायाची बोटं मोजली.'

बाईंची बोटं थांबली होती.

"ही पानं नको असं का वाटलं होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"लोक म्हणतील, जन्माच्या पुस्तकात हे कशाला. आणि मलाही ती पुन्हा वाचायची नव्हती." सिस्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण मोठ्यानं वाचायला लागल्यावर ती गाळायला जीभ वळेना. मी तिथे होते ना. ती मुलंही होती. टाका."

अशा एकतीस नोंदी होत्या. पहिली प्रत शाबूत राहिली असती, तर या एकतीस पेन्सिलीच्या फुल्यांखालीच राहिल्या असत्या. हे बाईंच्या मनात आलं, पण म्हणून त्यांनी स्वतःला माफ केलं नाही. नुकसान ते नुकसानच.

डोळ्यांच्या ऑपरेशनच्या चार दिवस आधी चौदावी वही संपली. ऑपरेशन बरं झालं. एका डोळ्यानं सिस्टरांना चांगलं दिसू लागलं. छापखान्यातून पुस्तकं आली. गठ्ठा सोडवला तो बाईंच्याच टेबलावर. सिस्टरांनी एक प्रत उघडून नाकाजवळ नेली आणि बराच वेळ नुसता शाईचा वास घेत बसल्या. मग त्यांनी पुस्तकं प्रसूतिगृहात, शाळेत, जुन्या सहकाऱ्यांना वाटली. काही बाईंच्या दुकानात ठेवली, कुणी मागितली तर द्यायला.

आता दुकानात कुणी आलं आणि म्हणालं, बाई, माझाही कॉम्प्युटर असाच करतो, ओरिजिनल टाकू का, की बाई विचारतात, "आवाज येतो का? तापतो का? कॉपी ठेवता का?" आणि मग म्हणतात, "लायसन्स घ्याच. पण आधी त्या जिन्याखाली जाऊन दाखवा." दुरुस्तीवालीला निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडून जातात. ती दर चार महिन्यांनी येऊन बाईंच्या कॉम्प्युटरमधली तुसं काढून जाते.

पुस्तक येऊन महिना-दीड महिना झाला असेल. एका दुपारी साठीच्या पुढची एक बाई दुकानात आली. हातात ते पुस्तक, बोट एका पानात घातलेलं. ती बसली नाही.

"हे तुम्हीच टाइप केलंत का?"

"हो. लिहिलंय सिस्टरांनी."

"यात नाव नाही," ती म्हणाली. "पण तारीख तीच आहे. आणि बोटं मोजल्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या.  खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. ती पाणी प्यायली. सिस्टरांकडे येता का, इथेच मागे राहतात, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, येईन, आज नाही. आज एक वेगळंच काम होतं.

"हे एवढंच पान वेगळं छापून देता येईल का? आणि अक्षर जरा मोठं करून. आमच्या ह्यांना वाचायला द्यायचंय, आणि त्यांना आता बारीक दिसत नाही."

बाईंनी फाइल उघडली, ती नोंद शोधली आणि अक्षर मोठं केलं. पडद्यावर बघून तिनं मान हलवली, अजून मोठं हवं होतं. बाईंनी अजून मोठं केलं. चार ओळींनी सगळं पान भरून गेलं, आणि शेवटची ओळ दुसऱ्या पानावर उतरली.